प्राणवायूची मात्रा

एखाद्या वस्तूला एकदां नांव दिलें, कीं पुढें आपण ती वस्तु पाहत नाहीं. तिचें नांवच पाहत राहतों. तीस-बत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना हें मीं किती वेळां सांगितलें असेल, त्याची गणती नाहीं. परंतु दुसऱ्याला शिकविलेला धडा स्वतःस येतोच असें नव्हे. तो मला साठी उलटल्यावर, एका रुग्णालयांत, कांचेच्या पेटीपुढें उभें राहून शिकावा लागला. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं असा प्रसंग येऊन गेला असेल, कोणाच्या घरीं उद्यां येईल. म्हणून या महिन्यास तोच विषय घेतों.

सन २०२३ च्या श्रावणांत आमची धाकटी कन्या अकरा आठवडे अगोदर प्रसूत झाली. मुलगी झाली. वजन अकराशें ग्रॅम. म्हणजे सोललेल्या दोन नारळांचें भरेल तितकें. नाकाला नळी, पायाला तांबडा दिवा लुकलुकणारी पट्टी, आणि पेटीच्या वर एक पडदा. त्या पडद्यावर रक्तांतील प्राणवायूचा आंकडा हलत असे. रक्तांतील तांबड्या द्रव्यांत प्राणवायु बसण्यास जेवढी जागा असते, तिच्यापैकीं शेंकडा किती भरली, हें तो आंकडा सांगतो. आम्ही आजी-आजोबा त्याच्याकडे समईच्या ज्योतीकडे पाहावें तसे पाहत बसत असूं.

आंकडा ८८ वर उतरला, कीं यंत्र घणघणे आणि आमच्या काळजाचें पाणी होई. मग तो हळूहळू ९२, ९५, ९८ असा चढे. आम्ही सुटकेचा श्वास टाकतों न टाकतों, तोंच यंत्र पुन्हां घणघणे! परिचारिका येई, कळ फिरवी आणि प्राणवायु कमी करी. मी पडलों शाळामास्तर. शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण मिळाले म्हणून कोणी तक्रार केल्याचें मीं जन्मांत पाहिलें नव्हतें. तिसऱ्या वेळीं आमच्या सौभाग्यवतींना राहवेना. "अहो सिस्टर, पोर आत्तां कुठें सुधारते आहे, आणि तुम्ही वारा काढून घेतां? तुमच्या घरचा का जातो तो?" असें त्या म्हणाल्या. मी त्यांना आवरावयाचें सोडून डॉक्टरीणबाईंकडे गेलों आणि म्हटलें, "बाई, खर्चाची फिकीर करूं नका. प्राणवायु भरपूर चालूं द्या."

त्या वयानें माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. न रागावतां म्हणाल्या, "आजोबा, हा वारा नव्हे, औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. जास्त झाला, तर तिचें फुप्फुस त्याच्याशीं भांडूं लागेल आणि त्या भांडणांत स्वतःलाच घायाळ करून घेईल."

घरीं आल्यावर तें वाक्य माझ्या डोक्यांतून जाईना. फुप्फुस प्राणवायूशीं भांडतें, म्हणजे काय? पुढील कांहीं आठवड्यांत रुग्णालयाच्या बांकावर बसून जें वाचलें, व जें डॉक्टरीणबाईंनीं माझ्या प्रश्नांना न कंटाळतां समजावून दिलें, त्याचें सार येथें देतों.

प्रथम नांवाविषयीं. हा वायु इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें १७७४ सालीं पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगानें तापवून वेगळा काढला. त्यांत मेणबत्ती झगझगून जळे व लौकर संपे. हें पाहून, अशा शुद्ध वायूंत मनुष्याचें आयुष्यहि मेणबत्तीसारखेंच लौकर जळून जाईल कीं काय, अशी शंका त्यानें तेव्हांच बोलून दाखविली होती. पुढें फ्रान्सांतील लाव्हाझिए यानें त्याला 'अम्ल उत्पन्न करणारा' अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. कारण सर्व अम्लांत हा असतो, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली, पण नांव राहिलें. आपल्याकडे त्याला प्राणवायु म्हणूं लागले. नांव सुंदर खरें. परंतु ज्याला आपण प्राणच म्हटलें, तो अधिक झाल्यानें बाधेल, ही शंका मग मनाला शिवत नाहीं.

शंका खरी होती, हें मात्र पुढें बऱ्याच वर्षांनीं दिसून आलें. १८९९ सालीं जेम्स लॉरेन स्मिथ या शास्त्रज्ञानें लहान प्राण्यांना दाट प्राणवायूंत कांहीं दिवस ठेवलें, तेव्हां त्यांचीं फुप्फुसें न्यूमोनिया झाल्यासारखीं सुजून घट्ट झालेलीं आढळलीं. माणसांवरील प्रयोग १९४५ सालीं अमेरिकेंत ज्यूलियस कॉम्रो व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांना त्यांनीं चोवीस तास निर्भेळ प्राणवायु दिला. चौतिसांपैकीं अठ्ठावीस जणांच्या छातीच्या मध्यभागीं दुखूं लागलें, खोकला आला. ज्यांना शेंकडा ५० प्राणवायु दिला, त्यांना कांहींच झालें नाहीं. आपण रोज जी हवा घेतों, तींत हा वायु शेंकडा २१ असतो. म्हणजे बाधा त्या वस्तूंत नाहीं, तिच्या दाटपणांत आणि काळांत आहे.

आतां बाधा होते कशी? लोखंड गंजतें, तूप खवट होतें, लाकूड जळतें. या तिन्हींमागें प्राणवायूच असतो. आपल्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी त्याच्या साहाय्यानें अन्न जाळते, पण सावकाश, चुलींतल्या विस्तवासारखें. चुलींतून ठिणग्या उडावयाच्याच. प्राणवायूच्या या ठिणग्या म्हणजे त्याचीं अर्धवट बदललेलीं, तापट रूपें; तीं जवळच्या पदार्थाला झोंबतात. अति प्राणवायूची बाधा व क्ष-किरणांची बाधा या दोन्हींचें मूळ अशाच तापट रूपांत आहे, असें अर्जेंटिनाच्या विदुषी रेबेका गेर्शमन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ सालीं मांडलें. पुढें १९६९ सालीं मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं पेशींतील एक द्रव्य या ठिणग्यांपैकीं मुख्य ठिणगी विझवितें, असें दाखविलें. चुलीपाशीं पाण्याची घागर निसर्गानेंच ठेविलेली आहे. परंतु वारा जोराचा सुटला, तर ठिणग्या घागरीला आटोपत नाहींत. आणि नवव्या महिन्यापूर्वीं आलेल्या बाळाची तर घागरच भरलेली नसते. तें द्रव्य गर्भांत शेवटच्या आठवड्यांत वाढतें.

येथपर्यंत मला समजलें होतें, आणि माझी समजूत झाली कीं फुप्फुस जळतें तें या ठिणग्यांनींच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हें अर्धेंच आहे, आजोबा. ठिणगीनें होतें त्याहून पुष्कळ नुकसान ठिणगी पडल्यावर जी ओरड होते, तिनें होतें."

ती ओरड म्हणजे दाह. लाली, सूज, ऊन आणि ठणका, हीं दाहाचीं चार लक्षणें रोमचा सेल्सस यानें पहिल्या शतकांत लिहून ठेविलीं आहेत. इंग्रजींतला शब्दहि ज्वालेवरूनच आला आहे, आणि आपला 'दाह' तर 'दह्' धातूचाच. बोटाला कांटा लागला म्हणजे बोट सुजतें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. तो शरीराचा धांवा असतो. पण बोटाला सुजण्यास जागा आहे. फुप्फुसांत कोट्यवधि फुगे, आणि फुग्यांतील हवा व बाहेरील रक्त यांमधील पडदा एका मायक्रॉनहूनहि, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि, पातळ. तेथें सूज आली, पाणी झिरपलें, कीं श्वासाची वाटच बंद होते.

हा धांवा पेशी करते तरी कसा? जवळजवळ प्रत्येक पेशींत एक जासूद नेहमीं तयार असतो. त्याचें शास्त्रीय नांव एनएफ-कप्पा-बी. तो १९८६ सालीं भारतांत जन्मलेले रंजन सेन व अमेरिकेचे डेव्हिड बाल्टिमोर यांना सांपडला. एरव्हीं एक दुसरें द्रव्य त्याला बेडी घालून पेशीच्या बाहेरच्या चौकांत बसवून ठेवितें. ठिणग्या वाढल्या, जंतु आले, कांहींहि संकट ओढवलें, कीं ती बेडी तुटते. जासूद पेशीच्या गाभाऱ्यांत शिरतो, तेथील पोथ्यांपैकीं ठराविक पानें उघडावयास लावतो, आणि त्या पानांवरून सायटोकाइन नांवाचीं द्रव्यें तयार होऊन बाहेर पडतात. हीच दवंडी. कांहीं पेशी मरतांना त्यांच्यांतील रस बाहेर सांडतो; तो पाहून शेजारच्या पेशींत आणखी एक यंत्रणा जागी होते. तिला इन्फ्लमॅसोम म्हणतात. ती इंटरल्यूकिन-१-बीटा या निजलेल्या दवंडीदाराचें बंधन कापून त्याला मोकळा करते. दवंडी ऐकून रक्तांतील न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी धांवून येतात.

येथेंच मोठी गंमत, किंवा खरें म्हणजे मोठी शोकांतिका आहे. या पांढऱ्या पेशी जंतूंशीं लढण्यास जन्मलेल्या. त्यांचें शस्त्र कोणतें? तींच तापट रूपें, त्याच ठिणग्या. शिवाय तंतु विरघळविणारा एक पाचक रस. येथें जंतु नाहींच. आग विझविण्यास आलेल्यांच्या हातीं पलितेच असावेत, तसें होतें. त्यांच्या ठिणग्यांनीं आणखी पेशी दुखावतात, त्या आणखी धांवा करतात, आणखी पांढऱ्या पेशी येतात.

अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जेम्स क्रॅपो व त्यांचे सहकारी यांनीं निर्भेळ प्राणवायूंत ठेविलेल्या उंदरांचीं फुप्फुसें तासांच्या हिशेबानें तपासून १९८० सालीं तें वर्णन प्रसिद्ध केलें. चाळीस तासांपर्यंत डोळ्यांना दिसेल असें फारसें कांहीं नाहीं. साठाव्या तासाच्या सुमारास पांढऱ्या पेशींची गर्दी, सूज, छातींत पाणी. आणि तिसरा दिवस बहुतेक उंदीर पुरा करीत नाहींत. बाधा झाल्याची खूण कांहीं काळ मुळींच दिसत नाहीं, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. पडद्यावर ९८ दिसत असतां आम्ही दोघें जें पाहत होतों, तें त्या पहिल्या चाळीस तासांसारखेंच होतें.

मग मीं सहज विचारलें, "तर ही दवंडीच बंद करून टाकावी, म्हणजे झालें!" माझ्यासारख्याला सुचलेलें मोठ्या पंडितांना सुचलें नसेल, असें थोडेंच आहे? त्यांनीं तें करून पाहिलें. आणि जें दिसलें, त्यानें तेहि थबकले. १९८७ सालीं असें आढळलें, कीं याच दवंडीच्या द्रव्यांपैकीं दोन द्रव्यें उंदरांना थोडीशीं अगोदर दिलीं, तर ते दाट प्राणवायूंत कमी मरतात. दवंडी आधीं व हळू पिटली गेल्यामुळें फुप्फुसांत घागरी भरून ठेविल्या जातात. शेंकडा ८५ प्राणवायूंत एक आठवडा काढलेले उंदीर पुढें निर्भेळ प्राणवायूंतहि तग धरतात, हेंहि क्रॅपो यांच्याच कामांतून दिसलें. आणि उंदराचीं नवजात पिलें मोठ्या उंदरांपेक्षां प्राणवायु अधिक काळ सोसतात, त्याचें एक कारण २००४ सालीं उजेडांत आलें: पिलांच्या फुप्फुसांत तो जासूद अधिक जागा होतो. त्याला दाबून टाकलें, तर पिलें कमी वांचतात! ज्या हांकेनें फुप्फुस नासतें, त्याच हांकेनें तें सांवरतेंहि. हांक किती मोठी, केव्हां, आणि ती थांबते कीं नाहीं, यावर सर्व अवलंबून.

माणसांच्या बाळांविषयींहि हाच अनुभव आहे, आणि तो फार महाग पडलेला अनुभव आहे. दाह दाबणारें डेक्सामेथासोन हें औषध अकालीं जन्मलेल्या बाळांना पहिल्याच आठवड्यांत देऊन पाहिलें. फुप्फुसाचा विकार कमी झाला. पण त्या मुलांत पुढें मेंदूच्या दोषानें येणारा हातापायांचा ताठरपणा वाढलेला दिसला. म्हणून आतां तें सरसकट देत नाहींत. निवडक बाळांना, जपून देतात.

प्राणवायूचीहि तीच कथा. १९४० नंतरच्या दशकांत अशा बाळांना सढळ हातानें प्राणवायु देत. हेतु अर्थात् चांगलाच. त्या काळांत जगांत सुमारें दहा हजार बालकें अंध झालीं. कारण प्राणवायु असावा, असें मेलबर्नच्या डॉ. केट कँबेल यांनीं १९५१ सालीं दाखविलें, व पुढें अमेरिकेंतील मोठ्या तपासांत तें खरें ठरलें. मग भीतीनें प्राणवायूचा हात इतका आखडला, कीं १९७३ सालीं इंग्लंडांतील केनेथ क्रॉस यांनीं अंदाज मांडला: वांचविलेल्या प्रत्येक दृष्टीमागें सुमारें सोळा बालकांचा प्राण गेला असावा. इकडे ज्या बाळांना यंत्रानें दाट प्राणवायु द्यावा लागला व जीं त्यांतून जगलीं, त्यांच्या फुप्फुसांत एक नवाच जुनाट विकार विल्यम नॉर्थवे व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं वर्णिला. त्याला ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेसिया म्हणतात. दाह निवत नाहीं, आणि जेथें असंख्य लहान फुगे व्हावयाचे, तेथें थोडे व मोठे होऊन राहतात. प्राणवायु आणि श्वासयंत्राचा दाब, दोन्हींचा त्यांत भाग असतो.

कमी द्यावा तर मृत्यु, जास्त द्यावा तर डोळे व फुप्फुस. मग किती द्यावा? अमेरिकेंतील एका मोठ्या चांचणीचा निष्कर्ष २०१० सालीं आला. चोवीस ते सत्तावीस आठवड्यांच्या १,३१६ बाळांचे दोन गट. एकाचा आंकडा ८५ ते ८९ ठेवावयाचा, दुसऱ्याचा ९१ ते ९५. कमी आंकड्याच्या गटांत डोळ्यांचा गंभीर विकार निम्म्यावर आला. पण मृत्यु शेंकडा १९.९ झाले, दुसऱ्यांत १६.२. पुढें अशा पांच चांचण्यांची, जवळजवळ पांच हजार बाळांची, एकत्र मोजदाद २०१८ सालीं झाली. तिचा कौलहि तोच. आमच्या पेटीवरचे ९० आणि ९५ हे दोन आंकडे कोणाच्या लहरीनें ठरलेले नव्हते. त्यांच्यामागें हजारों घरांतील बाळें उभीं होतीं. त्यांतील कित्येक आतां नाहींत. हें वाचलें, त्या दिवशीं मला माझ्या 'खर्चाची फिकीर करूं नका' या वाक्याची लाज वाटली.

या कामांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. पूर्ण दिवसांच्या पण न रडलेल्या बाळाला पूर्वीं निर्भेळ प्राणवायु देत. साधी हवाहि तितकाच गुण देते, असें दिल्लीच्या डॉ. सिद्धार्थ रामजी व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं ८४ बालकांच्या अनुभवावरून मांडलें. २०१० पासून जगभरच्या नियमांत पूर्ण दिवसांच्या बाळाला प्रथम साधीच हवा देण्यास सांगितलें आहे.

हें वाचून कोणीं प्राणवायूचें भय घेऊं नये, एवढी हात जोडून विनंति आहे. २०२१ च्या साथींत ज्यांना तो मिळाला नाहीं, त्यांचीं घरें आपण पाहिलीं आहेत. श्वास कोंडलेल्या माणसाला प्राणवायूच वांचवितो. घरीं नाकांतील नळीनें मिनिटाला चार-पांच लिटर दिला, तरी श्वासांत तो सुमारें शेंकडा ४० च्या आसपासच राहतो. त्यानें मोठ्या माणसाचें फुप्फुस जळत नाहीं. मात्र चुलीच्या धुरानें वा विड्यांनीं ज्यांचें फुप्फुस जुनें दुखणाईत आहे, अशांसाठीं निराळ्या कारणामुळें ८८ ते ९२ हीच मर्यादा सांगतात. त्यांचा आंकडा शंभरावर नेण्यासाठीं मुलांनीं परस्पर कळ फिरवूं नये. डॉक्टरांना दोन आंकडे विचारून घ्यावेत: किती खालीं चालेल, आणि किती वर चालणार नाहीं. पहिला प्रश्न सर्वच विचारतात. दुसरा विचारणारा मला अजून क्वचितच भेटला.

हें सर्व मीं त्या वेळीं आमच्या सौभाग्यवतींना, जासूद, बेडी, दवंडी यांसह, दोन संध्याकाळीं मिळून सांगितलें. त्यांनीं निमूटपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "एवढें पुराण कशाला? बाळगुटी उगाळतांना वेखंडाचा एक वेढा जास्त झाला, तर सासूबाई सहाण धुवून पुन्हां पहिल्यापासून उगाळायला लावीत. वेढे मोजायचे, एवढेंच ना?"

एवढेंच. चाळीस वर्षें ज्यांच्या हातानें वेढे मोजले, त्यांना मात्रा ठाऊक होती. प्राणवायु या नांवानें तेवढी ती झांकून टाकली होती.

दुसऱ्या दिवशीं यंत्र ९७ वर घणघणलें. परिचारिका दुसऱ्या पेटीपाशीं गुंतलेली होती. सौभाग्यवती उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, "सिस्टर, आमचीचा वेढा जास्त झालाय, जरा बघतां का?"

नात सात आठवड्यांनीं घरीं आली. आतां ती चालते, बोलते, आजीच्या सहाणेवर स्वतःच खोड घासावयास बसते. पावसाळ्यांत इतर मुलांपेक्षां थोडा अधिक खोकते, तेव्हां आम्ही दोघें एकमेकांकडे पाहतों. ती मात्र एक वेढा, दोन वेढे असें मोजीत राहते, आणि तीनवर थांबते. कारण पुढचा आंकडा तिला अजून येत नाहीं.